विसावं अक्षर

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
ए.सी.चं पाणी बादलीत ठिबकत असताना
मी पडद्यावरच्या चौकटीत चिकटवते एक तुकडा:
नऊशे अक्षरं, चारच अक्षरांची लिपी,
ना काना ना मात्रा,
ना कुठे श्वास घ्यायला दंड.

खाली रकाने. लांबी? वीस.
वितळायचं तापमान? साठ, अंशभर इकडेतिकडे.
बटण दाबलं की सॉफ्टवेअर दोन सेकंद गप्प,
मग स्थळं सुचवावीत तशा पाच जोड्या,
प्रत्येकीपुढे दोषांक.
कुणी स्वतःवरच दुमडते, केसातल्या आकड्यासारखी.
कुणी एकमेकांनाच अशी बिलगतात
की काम राहतं बाजूला,
जेलच्या तळाशी नुसता धुरकट पट्टा.

जोडीतला एक प्रायमर सरळ.
दुसरा शेवटाकडून वाचायचा,
तोही प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचं जोडीदार अक्षर घालून.
रेमेडिया परेराला याची सवय व्हायला वर्ष गेलं.
मला नाही.
माझे वडील गिरगावात खिळे जुळवायचे.
शिशातला 'क' आरशातला असतो, हे मला
'क' गिरवण्याआधी ठाऊक होतं.
जेवताना ते समोरच्याच्या हातातला पेपर
उलट्या बाजूने वाचून संपवत,
वरण निवायच्या आत.
सांगायचे: मधला खिळा झिजका असला तरी भागतं,
कडेचा सैल राहिला
की उचलताना अख्खी ओळ सांडते.

पहिल्या नंबरची जोडी मागवली. दोषांक शून्याला टेकलेला.
अक्षरामागे नऊ रुपये,
आणि आली ती नळीच्या बुडाशी न दिसणारी धूळ.
गायीच्या नमुन्यात पट्टा लख्ख.
आरेच्या सात नंबर तबेल्यातल्या अकरा म्हशी,
अकराही गल्ल्यांत काळोख.
तीन आठवडे.
तापमान उतरवलं. मॅग्नेशियम चढवलं.
रेमेडिया माहीमला जाऊन आली;
मेणाची म्हैस मिळत नाही म्हणे,
तिने मेणाचं बाळ वाहिलं.
सरांनी विचारलं, रक्त नीट काढलं होतं ना?
मला आठवली भवरीची मान,
ती दोन्ही हातांनी धरून उभा रामसमुझ,
आणि सुई शिरताना तिने सोडलेला
एक लांब, कंटाळलेला उच्छ्वास.
रक्त नीटच होतं.

शेवटी दुरून, ऐसपैस दुसरी जोडी लावून
तेवढा भाग वाचून घेतला.
रात्री साडेनऊला दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या
आणि पट्टी सरकवत गेले, एकेक अक्षर,
वडील प्रूफ तपासत तशी, ओठ न हलवता.
एकोणीस जुळली.
विसावं,
जिथून पुढची सगळी ओळ सुरू व्हायची
नेमकं तेच:
माझ्याकडे ए, भवरीकडे जी.

सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं.
दिलं ते त्याने इमानाने जुळवलं.
मीच त्याला म्हशीच्या नावावर दिली होती
कुठल्याशा थंड कुरणातल्या गायीची प्रत,
कारण ती स्वच्छ होती, पूर्ण होती,
आणि एका क्लिकवर मिळाली होती.
म्हशीची होती ना, शोधली असती तर.
पण हा शब्द मी तेव्हा वापरलाच नव्हता:
शोधली.

शनिवारी पुन्हा आरेत गेले.
रामसमुझने विचारलं, "क्या निकला, मॅडम?"
म्हटलं, एक अक्षर.
"उससे दूध बढ़ेगा?"
नाही, म्हटलं. निदान अजून तरी नाही.
तो हसला, चांगलंच हसला,
आणि भवरीच्या कानामागे खाजवत राहिला.
नवी जोडी बुधवारी यायची आहे.
चालेल की नाही, सांगता येत नाही.
मी फॉर्म भरत होते, तेवढ्यात तिने शेपूट झाडलं,
शेणाचा एक ठिपका,
बरोबर 'जात' लिहायच्या रकान्यात.
मी तो पुसला नाही.
शेजारी लिहिलं: म्हैस.